भोंग्याची ताकद

नव्वदच्या दशकात सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक कॉम्प्युटर आणि तीन माणसं. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही अशी तेव्हा सगळ्यांचीच श्रद्धा होती, म्हणून चपला जिन्यातच काढाव्या लागत. खालचे पेशंट गाल धरून बाहेर पडताना दिसेल त्या चपलेत पाय सरकवून चालू लागत. त्यामुळे संध्याकाळी मी बरेचदा कुणातरी अनोळखी, दात दुखणाऱ्या माणसाच्या चपला घालून घरी यायचो. त्या कॉम्प्युटरवर मी जे केलं ते गेल्या वर्षापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोला तर अजूनही नाही. मुळात मी फारसं काही सांगणाऱ्यांतला नाही. पण आता पन्नाशी उलटून गेली. लिहून टाकतो.

तिघांतले एक आमचे मालक. त्यांना आम्ही सर म्हणायचो, कारण त्यांना तेच आवडायचं. मोठ्या कारखान्यातली अधिकाराची नोकरी सोडून त्यांनी ही कंपनी काढली होती. देशाचे दरवाजे उघडलेत आणि आता सगळं जग आपल्या जिन्यात चपला काढणार, याची त्यांना खात्री होती. दुसरा मी. तिसरा माझा मित्र, यवतमाळकडचा. आम्ही दोघेही एम.एस्सी., विषय संख्याशास्त्र. त्याची राहण्याची सोय मागच्याच गल्लीत, कॉट बेसिसवर, आणि माझं घर कसब्यात. हा फरक महत्त्वाचा आहे. नोकरी गेली असती तरी माझ्या ताटातली आमटी बदलणार नव्हती. त्याला मात्र कॉट सोडून थेट यवतमाळची गाडी धरावी लागली असती.

एका सकाळी सरांनी आम्हाला समोर उभं केलं. भोसरीच्या पुढच्या एका कारखान्याचं काम मिळालं होतं. तिथे गाड्यांना लागणारे लोखंडी बुश बनत. दर तासाला तीन नग उचलून मोजायचे, मापं कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि मशीन जागेवर आहे की सरकलं, हे कॉम्प्युटरने सांगायचं. सरकलं असेल तर भोंगा वाजेल, मशीन थांबेल, फिटर येऊन ते पुन्हा सेट करेल.

"दोघांनी आपापली चाचणी लिहा," सर म्हणाले. "जिची ताकद जास्त, ती कारखान्याला देऊ. ज्याची चाचणी, तो कायम. दुसऱ्याने आपला डबा उचलायचा. मी धर्मशाळा काढलेली नाही, हे आपण जाणताच."

माझ्या मित्राचं लग्न ठरत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी स्वच्छ कळवलं होतं की मुलगा पुण्यात कायम झाला की तारीख काढू, आधी नाही. मुलगी अमरावतीची. तिचा फोटो तो पाकिटात न ठेवता संख्याशास्त्राच्या कोष्टकांच्या पुस्तकात ठेवायचा. का, विचारलं तर म्हणायचा, "पाकीट चोरी जाते बे. हे पुस्तक कोण चोरते?"

आता ताकद म्हणजे काय ते सांगायला हवं. ते मी त्याच्याच शब्दांत सांगतो, कारण माझ्यापेक्षा त्याला ते जास्त कळलं होतं. त्या आठवड्यात मी त्याला घरी जेवायला नेलं होतं, आणि त्या दिवशी माझी मावशी आली होती. आमच्या घराण्यात कुठल्याही मुलीला स्थळ आलं की मुलगा आधी मावशीच्या नजरेखालून जायचा. आणि मावशी प्रत्येकाला नाकारायची. एकाचे कान बसके. एक हसताना डावीकडे बघतो. एकाने चहा सांडला नाही, म्हणजे पक्का. जेवताना ती अभिमानाने म्हणाली, "आजवर एक तरी वाईट मुलगा माझ्या हातून सुटलाय का, सांगा." कुणालाच सांगता येईना. खरंच एकही सुटला नव्हता.

परत जाताना मित्र रस्त्यातच थांबला आणि हसत सुटला.

"तुझ्या मावशीची ताकद शंभर टक्के आहे बे. एक खराब पोरगा सुटत नाही तिच्यातून."

"मग? चांगलंच की."

"काय चांगलं? चांगला तरी कुठं सुटते? ती सगळ्यालेच नाही म्हणते. अशी ताकद तं भिंतीतही असते. भिंतीतून कोणीच जात नाही."

"मग दोन मावश्यांत सरस कोण, ते कसं ठरवायचं?"

"आधी दोघींले सांगायचं, बाई, चांगल्या शंभर पोरांतल्या पाचांवर चुकून शिक्का मारायची मुभा तुले, आणि पाचांचीच तिले. दोघींच्या खोट्या बोंबा सारख्या करायच्या. मग पाहायचं, खराब पोरं जास्त कोण पकडते. त्याच्या आधी ताकदीच्या गप्पा म्हणजे नुसता गोंगाट."

एवढंच. बाकी सूत्रं आहेत, पण तुलनेतला न्याय एवढाच आहे. मला तो भर रस्त्यात समजावून सांगितला गेला होता. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्याने चाचणी लिहिली ती मागच्या काही तासांची मापं एकत्र धरणारी. मशीन हळूहळू झिजतं, तर आपणही हळूहळू कान देऊन ऐकावं, असं त्याचं म्हणणं. माझी चाचणी फक्त त्या तासाचे तीन नग बघायची. दोघांनीही कागदावर लिहिलं की मशीन ठीक असताना शंभरात पाच वेळाच भोंगा चुकून वाजेल. त्याने ते काटेकोरपणे साधलं होतं. माप किती सरकलं की भोंगा वाजवायचा, त्या मर्यादेचा आकडा मी उचलला तो भरपूर नग असतानाच्या कोष्टकातून. नग तीनच, त्यांना मर्यादा बरीच सैल हवी, पण ते पान आधी उघडलं आणि मला कंटाळा आला होता. ही झाली चूक. तिला मी पाप म्हणत नाही.

पाप नंतरचं. तुलना करायला बसलो मी, कारण कॉम्प्युटरवर त्या दिवशी माझी पाळी होती. कॉम्प्युटरच्या आत एक खोटं मशीन बनवायचं, आधी ते ठीक ठेवायचं, मग थोडं थोडं झिजवायचं, आणि कुणाचा भोंगा किती वेळा वाजतो ते मोजायचं. अख्खा दिवस लागायचा. खाली डॉक्टरांनी दाढेला ड्रिल लावलं की आमचा व्होल्टेज पडायचा आणि सगळं पहिल्यापासून. मी दोनदा खाली जाऊन "डॉक्टर, आज फक्त औषधं द्या ना" अशी विनंती केली. डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्ही आज फक्त पाटी-पेन्सिल वापरा."

शेवटी प्रिंटरने करकरत कागद बाहेर टाकला. पहिल्या पानावर मशीन ठीक असतानाचे आकडे. त्याचा भोंगा शंभरात पाच, सांगितल्याप्रमाणे. माझा जवळजवळ चौपट. दुसऱ्या पानावर मशीन झिजतानाचे आकडे, आणि तिथे माझा भोंगा त्याच्यापेक्षा पुढे. अर्थातच पुढे. जो कायम ओरडतो तो संकटातही ओरडतोच.

त्या प्रिंटरच्या कागदाला दोन पानांमध्ये छिद्रांची ओळ असायची. हलकं ओढलं की पान सुटून यायचं, फाटल्याचा मागमूसही नाही. मी पहिलं पान हलकं ओढलं.

का केलं, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. घरी आईने गल्लीभर सांगून ठेवलं होतं की मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. आता तो कॉम्प्युटरच्या बाहेर आला, हे तिला कुणापुढे सांगावं लागू नये, असं काहीसं होतं. आणि हरायचं नव्हतं. पान घडी करून पिशवीत टाकलं.

संध्याकाळी मित्राच्या खोलीवर गेलो. त्याच्याकडे भडंग होतं आणि ताटली नव्हती.

"कागद आहे का बे तुझ्याजवळ?"

मी पिशवीत हात घातला. हाताला लागलं ते तेच पान. दुसरं काही नव्हतंच. नाही म्हणालो असतो तर तो उठून दुसरीकडून आणणार नव्हता का? पण माझा हात पुढे झाला होता. त्याने ते पान कॉटवर पसरलं, आकडे वरच्या बाजूला, आणि त्यावर भडंग ओतलं. आम्ही खात बसलो. जसजसं भडंग कमी व्हायला लागलं तसतसा खालचा तक्ता दिसायला लागला. मी आयुष्यात कधी इतकं हळू खाल्लं नाही. शेवटी तर मी एकेक शेंगदाणा उचलून दुसरीकडे ठेवत होतो. नेमका त्याच्या डोळ्यांसमोर माझा आकडा उघडा पडला, तेव्हा मी मूठभर भडंग परत त्यावर टाकलं.

"अबे, खातो की पेरतो?" तो म्हणाला.

तेल सगळीकडे पसरलं, आकडे फिसकटले. त्याने तो कागद चुरगाळून खिडकीबाहेर फेकला आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर मी एकच पान ठेवलं. मित्राने ते नीट वाचलं. मग त्याने तो एकच प्रश्न विचारला, जो विचारायला हवा होता.

"मशीन ठीक असताना किती वेळा वाजला तुझा?"

"शंभरात पाच," मी म्हणालो. "दोघांचाही."

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला, कारण मी त्याला घरी जेवायला नेलं होतं आणि त्याने मला सगळं समजावून सांगितलं होतं. सर म्हणाले, "चला, निकाल लागला. अभिनंदन. तुमचं सांत्वन." पहिला शब्द माझ्याकडे बघून, दुसरा त्याच्याकडे.

जाताना त्याने आपला स्टोव्ह मला देऊ केला. मी घेतला नाही. मी कसब्यात राहतो, स्टोव्ह काय करू, एवढंच बोललो. पुढे महिनाभरात त्याचं पत्र आलं. अमरावतीवाल्यांनी नाही कळवलं होतं. पत्रात त्याने स्वतःबद्दल लिहिलं होतं की चुकून शिक्का बसणाऱ्या शंभरातल्या त्या पाचांत मी आता मोडतो.

इथून पुढे माझं नशीब फळफळलं, आणि ते कसं, ते सांगायलाही लाज वाटते. त्या कारखान्यात युनियन आणि व्यवस्थापनाचा एक जुना करार होता: मशीन थांबलं तर ते पुन्हा सुरू होईपर्यंत कामगारांना चहा मिळायचा. मशीन क्वचितच थांबायचं, अशा काळात कुणीतरी उदारपणे सही केलेली. आता माझा भोंगा बसला. तो वाजे आणि चहा येई. चहा संपून कप धुतले जाईपर्यंत भोंगा पुन्हा वाजे. कँटीनला दूध पुरेना. सुपरवायझरला पित्ताचा त्रास सुरू झाला. एका फिटरने मला बाजूला घेऊन कळवळून विचारलं, "साहेब, अधूनमधून सरबताचं काही बसवता येईल का?"

व्यवस्थापक तक्रार घेऊन सदाशिव पेठेत आले. जिन्यात बूट काढले, वर आले. सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या मशिनीत इतके दोष आहेत हे पूर्वी तुम्हाला ठाऊकच नव्हतं. आता कळतंय. आभार मानायला आलात ना?" व्यवस्थापक आभार मानून गेले. जाताना कुणाचे तरी बूट घालून गेले, एवढं मात्र खरं.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. ठीक असलेलं मशीन दर वेळी उगीच सेट करून करून खरोखरच बिघडलं. फिटर डावीकडे सरकवे, मग उजवीकडे सरकवे. काही महिन्यांत त्याचा एक नग दुसऱ्यासारखा येईना. म्हणजे माझा खोटा भोंगा हळूहळू खरा व्हायला लागला. तो जे ओरडत होता ते ओरडून ओरडून त्याने घडवून आणलं. यावर कुणी प्रबंध लिहायला हवा होता. मी लिहू शकत नव्हतो.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा असते. त्या वर्षी मला आग्रहाचं बोलावणं आलं. भोंग्याला झेंडूचा हार घातला होता, हळदकुंकू लावलं होतं. युनियनच्या पुढाऱ्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि भाषण केलं. "आजवर मालकांनी फक्त माणसांकडून काम करून घेतलं. या साहेबांनी मशिनीचं दुःख ओळखलं!" टाळ्या पडल्या. त्याच क्षणी भोंगा वाजला. मशीन पूजेसाठी बंद होतं, तरीही. सगळे आनंदाने चहाकडे वळले. मी शाल अंगावर घेऊन उभा होतो आणि मला यवतमाळकडे तोंड करून कुठेतरी पळून जावंसं वाटत होतं.

पळालो नाही. तिथून दुसऱ्या कंपनीत गेलो, मग हिंजवडीला मोठ्या इमारतीत, जिथे चपला काढाव्या लागत नाहीत. सर गेले. ती कंपनी बंद झाली. मित्र यवतमाळला कॉलेजात शिकवायला लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. दिवाळीला फोन व्हायचा. एकमेकांच्या तब्येती विचारायचो. त्या तुलनेचा विषय मी कधी काढला नाही. तीच तुलना पुन्हा, नीट, करून बघायची हिंमतही झाली नाही. त्याची चाचणी सरस निघाली असती तर काय करायचं होतं, हे ठाऊक नव्हतं. माझी निघाली असती तर ते त्याहून वाईट झालं असतं.

गेल्या वर्षी त्याची मुलगी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत लागली. बाणेरला फ्लॅट घेतला. सुट्टीत तो बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन तिच्याकडे आला आणि मला जेवायला बोलावलं. मुलगी ऑफिसला गेलेली. जेवण झालं. बायको स्वयंपाकघरात गेली, आई आतल्या खोलीत टीव्ही बघत होती. मी त्याला सगळं सांगितलं. पान, छिद्रांची ओळ, भडंग.

त्याने चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली.

"मशीन ठीक असताना किती?"

"जवळजवळ चौपट."

"चौपट!" तो उभाच राहिला. मला वाटलं मारतोय. "अबे, तीन नगाले मोठ्या नमुन्याचं कोष्टक? माझी एफ.वाय.ची पोरं असं नाही करत. आणि वर तुलना करून राहिला?"

नोकरीबद्दल, लग्नाबद्दल एक अक्षर नाही. लॅपटॉप उघडून त्याने माझ्यापुढे सरकवला.

"लिही. आधी दोघांच्या बोंबा सारख्या कर."

मी तिथेच, जेवणाच्या टेबलावर, माझी मर्यादा योग्य कोष्टकातून घेतली. दोघांचा भोंगा शंभरात पाचवर आला. मग मशीन झिजवलं. जे काम तेव्हा डॉक्टरांच्या ड्रिलच्या मेहरबानीवर दिवसभर चालायचं, ते चहाला उकळी येण्याआधी संपलं. झिजणाऱ्या मशिनीला त्याची चाचणी सरस होती. थोडीथोडकी नाही, चांगलीच.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आता एकदम तोडून पाहा मशीन."

तोडलं. तिथे माझी जरा बरी निघाली.

"हे पण सांगायचं," तो म्हणाला. "अचानक तुटलं तं तुझी चांगली. हे लपवायचं नाही."

वहिनी चहा घेऊन आल्या. तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "अवं, मी पास झालो."

"कशात?"

त्याने सांगितलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, विचार केला. "म्हणजे तेव्हाच पास झाले असते तं तुमचं त्या अमरावतीवालीशी लग्न झालं असतं." मग माझ्याकडे बघून, "भाऊजी, तुमचे उपकारच म्हणायचे. साखर कमी आहे, चालंन नं?"

त्या आत गेल्या. तो हसला. मग हसू थांबलं.

"बाबा विचारायचे," तो म्हणाला. "गावात लोक विचारायचे त्यांना, पोरगा पुण्याहून वापस कायले आला. बाबा मले विचारायचे. मी म्हणायचो, माझं काम कमी पडलं. कुठं कमी पडलं, ते मलेच माहीत नव्हतं. दरसाल हा धडा शिकवतो आणि दरसाल घरी येऊन आपली सूत्रं तपासतो. चूक सापडत नव्हती बे. मले वाटे, आपल्याले चूकही दिसत नाही, एवढे आपण कच्चे."

मी लॅपटॉप मिटून त्याच्याकडे सरकवला.

"चाल, आईले सांग," तो उठत म्हणाला. "मी सांगितलं तं म्हणंन, पोरगा बढाई मारून राहिला."

आतल्या खोलीत त्याची आई दिवाणावर पाय वर घेऊन बसली होती. टीव्हीवर कुणाचं तरी लग्न मोडत होतं. त्याने रिमोट घेऊन आवाज बारीक केला. मी खाली वाकून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "काकू, पुण्यात तुमचा मुलगा कमी पडला नव्हता. त्याचंच काम चांगलं होतं. मी खोटं बोललो, म्हणून त्याची नोकरी गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलाचे केस माझ्याहून पांढरे झालेत, दोनच वर्षांत तो निवृत्त होणार आहे.

"मंग आता घेतात का त्याले वापस?"

"नाही काकू. ती कंपनीच राहिली नाही."

"मंग याच्या बाबाले सांगाचं होतं," त्या म्हणाल्या. "ते होते तवा."

आणि मुलाच्या हातातून रिमोट घेऊन त्यांनी आवाज पुन्हा मोठा केला.